वैद्यकीय प्रवेश : निकालानंतरच्या प्रतीक्षेचा काळ

वैद्यकीय शिक्षणाची आकांक्षा बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आणि उपलब्ध जागांची संख्या यांत आपल्या देशात नेहमीच मोठी तफावत राहिली आहे. २०१३-१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. २०२४ पर्यंत ही संख्या १ लाख १२ हजारांच्या वर गेली. म्हणजे सुमारे दहा वर्षांत जागा दुपटीहून अधिक झाल्या. तरीही २०२४ च्या राष्ट्रीय पात्रता-नि-प्रवेश परीक्षेस, म्हणजेच 'नीट'ला, २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १३ लाखांहून अधिक पात्र ठरले. पात्र ठरलेल्या दर बारा विद्यार्थ्यांमागे साधारणतः एक जागा, असे हे प्रमाण होते.

या आकडेवारीतून तीन गट स्पष्टपणे वेगळे होतात. पहिल्या गटाचा प्रवेश निकालाच्या दिवशीच जवळजवळ निश्चित असतो. दुसऱ्या गटाला त्या वर्षी प्रवेश मिळणार नाही, हेही तितकेच स्पष्ट असते. तिसरा गट या दोहोंच्या सीमारेषेवर उभा असतो. त्याचा गुणवत्ता क्रमांक आदल्या वर्षीच्या अखेरच्या क्रमांकाच्या किंचित अलीकडे वा पलीकडे असतो. या गटातील विद्यार्थ्यांना अनेक महिने 'मिळेल' आणि 'मिळणार नाही' यांच्या मध्ये काढावे लागतात. परीक्षेच्या तयारीविषयी विपुल मार्गदर्शन उपलब्ध असते. या मधल्या काळाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. वस्तुतः याच काळात घेतलेले, किंवा घ्यायचे राहून गेलेले, निर्णय विद्यार्थ्याच्या पुढील वर्षाची दिशा ठरवतात.

प्रतीक्षा यादीचे स्वरूप

रेल्वेच्या प्रतीक्षा यादीत प्रवाशाला आपला क्रमांक दिसतो आणि तो पुढे सरकत असल्याचेही कळते. केंद्रीय वैद्यकीय प्रवेशप्रक्रियेत असा प्रतीक्षा क्रमांक दिला जात नाही. तेथे प्रतीक्षा दोन प्रकारची असते. एखाद्या फेरीत कोणतीच जागा न मिळाल्याने पुढील फेरीची वाट पाहणे, हा पहिला प्रकार. जागा मिळाली, परंतु अधिक पसंतीच्या महाविद्यालयाची आशा असल्याने ती हाती ठेवून वाट पाहणे, हा दुसरा प्रकार होय.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार १९८६ पासून राज्यांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उर्वरित ८५ टक्के जागा राज्ये आपापल्या यंत्रणांमार्फत भरतात. महाराष्ट्रात हे काम राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, कर्नाटकात कर्नाटक परीक्षा प्राधिकरण आणि केरळमध्ये प्रवेश परीक्षा आयुक्त यांच्याकडे आहे. अखिल भारतीय कोट्यातील जागा, सर्व एम्स संस्था, पुदुच्चेरीची जिपमेर आणि अभिमत विद्यापीठे यांची प्रवेशप्रक्रिया आरोग्य सेवा महासंचालनालयाची वैद्यकीय समुपदेशन समिती पार पाडते. एम्स आणि जिपमेर यांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षा २०२० पासून बंद झाल्या आणि त्यांचे प्रवेशही 'नीट'वर आधारित झाले.

पूर्वी अखिल भारतीय कोट्याच्या दोन फेऱ्या झाल्यावर रिक्त जागा राज्यांकडे परत जात असत. २०२१-२२ च्या प्रवेशांपासून ही पद्धत बदलली. त्या प्रवेशांपासून समितीने चार फेऱ्या घेण्याचे ठरले : तीन नियमित आणि उरलेल्या जागांसाठीची अखेरची फेरी. परिणामी एकाच विद्यार्थ्याला केंद्राच्या आणि राज्याच्या अशा दोन वेळापत्रकांकडे एकाच वेळी लक्ष ठेवावे लागते.

जागा कशी सरकते ?

पहिल्या फेरीत जागा मिळाली नाही म्हणजे संधी संपली, असा अनेकांचा समज होतो. जागावाटपाची कार्यपद्धती समजून घेतल्यास तो दूर होतो. कल्पनेसाठी एक उदाहरण घेता येईल. दिल्लीच्या एम्समध्ये जागा मिळालेल्या एका विद्यार्थ्याने ती स्वीकारली नाही. दुसऱ्या फेरीत ती जागा मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला मिळाली. त्याची जागा मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याकडे गेली, त्याची जागा नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याकडे गेली आणि नागपूरची रिकामी झालेली जागा आजवर काहीच न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आली. एका नकारामुळे चार विद्यार्थ्यांचे स्थान बदलले. प्रतीक्षेत असलेला विद्यार्थी अशा साखळीच्या शेवटच्या कडीवर उभा असतो. साखळीची सुरुवात त्याला दिसत नाही. म्हणून जागा 'अचानक' मिळाल्यासारखी वाटते.

जागा रिक्त होण्याची कारणेही ठरावीक असतात. काही विद्यार्थी घराजवळच्या महाविद्यालयासाठी राज्य कोट्यातील जागा पसंत करतात, काही अन्य शाखांकडे वळतात, तर काहींना अभिमत विद्यापीठांचे शुल्क परवडत नाही. काही वर्षी फेऱ्या सुरू असतानाच नव्या जागांना मंजुरी मिळाल्याने एकूण संख्या वाढते. २०२५ मध्ये असे घडले.

प्रत्येक फेरीचे नियम मात्र सारखे नसतात. अलीकडील वर्षांच्या नियमांनुसार पहिल्या फेरीत मिळालेली जागा दंडाविना नाकारता येते. दुसऱ्या फेरीतील जागा नाकारल्यास अनामत रक्कम जप्त होते. ही अनामत अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गास १०,००० रुपये व राखीव प्रवर्गांस ५,००० रुपये, तर अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख रुपये राहिली आहे. अखेरच्या फेरीत जागा मिळूनही प्रवेश न घेतल्यास अनामत तर जातेच. शिवाय एक वर्ष 'नीट'ला बसण्यास अपात्र ठरण्याची तरतूद आहे. जो विद्यार्थी अधिक पसंतीच्या जागेसाठी संमती देतो, त्याला ती मिळताच जुनी जागा आपोआप रद्द होते आणि तिच्यावर पुन्हा हक्क सांगता येत नाही. हे नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत प्रसिद्ध होतात व त्यांत बदलही होतात. म्हणून आदल्या वर्षीच्या अनुभवी मित्राच्या सांगण्यापेक्षा चालू वर्षाची पुस्तिका प्रमाण मानणे श्रेयस्कर ठरते.

पसंतीक्रम भरताना 'वरची महाविद्यालये लिहिली तर खालचे हातचे जाईल' अशी भीती बाळगली जाते. ती निराधार आहे. संगणक प्रत्येक विद्यार्थ्याचा गुणवत्ता क्रमांक येताच त्याच्या यादीतील पहिल्या उपलब्ध जागेवर त्याला बसवतो. त्यामुळे महाविद्यालये खऱ्याखुऱ्या आवडीच्या क्रमाने लिहिण्यातच हित असते. दुसऱ्या फेरीपासून मात्र, जेथे प्रत्यक्ष प्रवेश घ्यायचा नाही असे नाव यादीत असू नये.

अंदाज बांधण्याची पद्धत

आपल्याला प्रवेश मिळण्याची शक्यता किती, हा प्रतीक्षेतील प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर गुणांवरून शोधण्याची चूक सर्रास होते. २०२४ मध्ये सर्वोच्च गुण ७२० होते, तर २०२५ मध्ये ते ६८६ होते. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची किमान मर्यादा २०२३ मध्ये १३७, २०२४ मध्ये १६२ आणि २०२५ मध्ये १४४ गुण होती. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार गुणांचे मोल बदलते. म्हणून दोन वर्षांच्या गुणांची तुलना दिशाभूल करते. तुलना करायची ती गुणवत्ता क्रमांकाची.

समुपदेशन समिती प्रत्येक फेरीच्या जागावाटपाच्या याद्या प्रसिद्ध करते. आपल्या प्रवर्गात, आपल्याला मान्य असलेल्या महाविद्यालयांत, गेल्या तीन वर्षांच्या पहिल्या व तिसऱ्या फेरीत प्रवेश मिळालेला अखेरचा क्रमांक कोणता, हे त्यांवरून काढता येते. राज्य कोट्यासाठी राज्याच्या याद्या पाहाव्यात. यातून एक नेमका आकडा हाती येणार नाही. एक पट्टा हाती येईल. आपला क्रमांक तिन्ही वर्षांच्या पट्ट्याच्या आत असेल, तर प्रतीक्षा सयुक्तिक आहे. तो केवळ एका वर्षाच्या पट्ट्यात बसत असेल, तर शक्यता आहे, परंतु तिच्यावर सर्वस्व लावता येणार नाही. तो तिन्हींच्या बराच बाहेर असेल, तर ती प्रतीक्षा नसून निर्णय लांबणीवर टाकणे होय. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की दररोज नव्याने करण्याची आवश्यकता राहत नाही.

प्रतीक्षेची किंमत

वाट पाहण्यास काही खर्च येत नाही, हा या काळातील सर्वांत महागात पडणारा समज आहे. २०२४ ची परीक्षा ५ मे रोजी झाली आणि निकाल ४ जून रोजी लागला. परीक्षेतील गैरप्रकारांच्या आरोपांवरून न्यायालयीन प्रक्रिया झाली. २३ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षेची मागणी अमान्य केली आणि त्यानंतर सुधारित निकाल जाहीर झाला. केंद्रीय प्रवेशफेऱ्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्या. शेवटी रिक्त जागा भरण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ३० डिसेंबरपर्यंत मुदत देण्यात आली. परीक्षेपासून मोजल्यास हा जवळजवळ आठ महिन्यांचा काळ होतो. त्यापूर्वी २०२१ च्या परीक्षेचा निकाल १ नोव्हेंबरला लागला आणि अखिल भारतीय कोट्याची प्रक्रिया १९ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाली.

पुढील वर्षीची परीक्षा २०२५ मध्ये ४ मे रोजी झाली. डिसेंबरअखेरपर्यंत केवळ वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्या तयारीसाठी अवघे चार महिने उरले. याच अवधीत अन्य अभ्यासक्रमांची प्रवेशद्वारेही बंद झाली. म्हणजे प्रतीक्षा निष्फळ ठरल्यास नुकसान एका जागेचे नसते; ते एका वर्षाचे असते. यावर उपाय एकच : प्रतीक्षा सुरू होतानाच तिचा शेवट ठरवणे. 'तिसऱ्या फेरीच्या यादीपर्यंत वाट पाहीन. नाव नसल्यास अमुक करीन' हे वाक्य तारखेसह लिहून घरातील मंडळींना दाखवावे. मन शांत असताना घेतलेला हा निर्णय निकालाच्या दिवशीच्या घालमेलीत आधार ठरतो.

अनिश्चितता आणि मन

अनिश्चितता ही वाईट बातमीपेक्षाही अधिक त्रासदायक का वाटते, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता कमी-अधिक करण्यात आली. झटका नक्की बसणार असे माहीत असताना जितका ताण होता, त्याहून अधिक ताण तो बसण्याची शक्यता निम्मी असताना आढळला. सीमारेषेवरील विद्यार्थ्याची अवस्था नेमकी हीच असते. आपण दुर्बल आहोत म्हणून अस्वस्थ वाटते, असे मानण्याचे त्याला कारण नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी वकिलीच्या पात्रता परीक्षेच्या निकालाची सुमारे चार महिने वाट पाहणाऱ्या कायद्याच्या पदवीधरांचा अभ्यास केला. चिंता दाबून टाकण्याचे त्यांचे बहुतेक प्रयत्न फारसे उपयोगी पडले नाहीत. चिंता प्रतीक्षेच्या सुरुवातीला आणि अखेरीस अधिक असते, मधल्या काळात ती ओसरते, असेही त्यांच्या संशोधनातून दिसले. भान हरपून ज्यात रमता येईल अशा कामात गुंतल्याने हा काळ सुसह्य होतो, हा त्यांचा आणखी एक निष्कर्ष आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, चिंता पूर्णपणे घालवण्याचा अट्टहास करू नये. तिला दिवसाचा ठरावीक भाग द्यावा. संकेतस्थळ दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी पाहावे. मोबाईलवरील समूहांतून फिरणारे 'यंदाचे अंदाज' टाळावेत. कारण ते बहुधा तितक्याच अस्वस्थ व्यक्तींनी लिहिलेले असतात. दिवसाचे काही तास अभ्यासाला द्यावेत. जीवशास्त्राची उजळणी प्रवेश मिळाल्यास प्रथम वर्षी उपयोगी पडते आणि न मिळाल्यास पुढील परीक्षेसाठी. दोन्ही परिणामांत उपयोगी ठरणारे काम निवडणे हे अनिश्चिततेच्या काळातील सर्वांत सुरक्षित धोरण होय.

मात्र ताण नेहमीच स्वतःहून आवरता येतो असे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. झोप उडणे, जेवण सुटणे, कोणाशीही बोलावेसे न वाटणे, जगणे निरर्थक वाटणे ही लक्षणे दिसल्यास ती आळस वा नाटक समजून दुर्लक्षित करू नयेत. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था व खासगी शिकवणी वर्गांसाठी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, हे त्यांतील एक तत्त्व आहे.

पर्यायाचा विचार

पर्याय निवडणे म्हणजे पराभव मान्य करणे नव्हे. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी व पशुवैद्यक या पदव्यांच्या प्रवेशासाठीही 'नीट'चा गुणवत्ता क्रमांक उपयोगी पडतो. मात्र आयुष अभ्यासक्रमांची आणि पशुवैद्यकाची प्रवेशप्रक्रिया वेगळ्या यंत्रणांमार्फत होते. परिचर्या, भौतिकोपचार, औषधनिर्माणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व सार्वजनिक आरोग्य ही क्षेत्रेही खुली आहेत. संबंधित आरोग्य व्यवसायांच्या शिक्षणाचे नियमन करण्यासाठी संसदेने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे.

पर्यायी प्रवेश घेताना तीन बाबी तपासाव्यात. तो घेतल्याने वैद्यकीय प्रवेशाच्या पुढील फेरीस अपात्रता येते का, मूळ कागदपत्रे वेळेवर परत मिळतील का आणि प्रवेश रद्द केल्यास शुल्क किती परत मिळेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण शुल्क परत देण्याचे निर्देश दिले होते. असे निर्देश चालू वर्षासाठी कोणते आहेत, हे आधीच पाहून ठेवावे.

पुन्हा परीक्षा देण्याचा मार्गही उपलब्ध आहे. 'नीट'साठीची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. परंतु नियम परवानगी देतात एवढ्यावरून आणखी एक वर्ष देणे योग्य ठरत नाही. मागील प्रयत्नात नेमके काय कमी पडले आणि ते एका वर्षात भरून निघेल का, याचे प्रामाणिक उत्तर प्रथम द्यावे लागते.

या काळात कुटुंबाची अगतिकता ओळखून काही मध्यस्थ पुढे येतात. 'व्यवस्थापन कोट्यातील जागा पक्की करून देतो' किंवा 'परदेशात लगेच प्रवेश मिळवून देतो' अशी आश्वासने दिली जातात. अधिकृत प्रक्रियेबाहेर दिलेला पैसा परत मिळण्याची शाश्वती नसते. काही अभिमत विद्यापीठांचे वार्षिक शुल्क २० लाख रुपयांहून अधिक आहे. पहिल्या वर्षाचे शुल्क कसेबसे भरून घेतलेला प्रवेश पुढील वर्षांत कुटुंबाला कर्जाच्या खाईत लोटू शकतो. म्हणून कोणत्या रकमेपलीकडे जायचे नाही, हेही प्रतीक्षेच्या आरंभीच ठरवणे हिताचे असते. परदेशातील पदवीवर भारतात व्यवसाय करण्यासाठीही 'नीट'ची पात्रता आणि २०२१ च्या नियमांतील अटी पूर्ण कराव्या लागतात. त्यांत किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम ही एक अट आहे.

यंत्रणेचे उत्तरदायित्व

प्रतीक्षेतील सर्वच अनिश्चितता अटळ नसते. एकाच विद्यार्थ्याने केंद्रीय व राज्य प्रक्रियेत जागा अडवून ठेवल्यास खालच्या क्रमांकावरील विद्यार्थी विनाकारण ताटकळतो. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील या प्रकाराची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये देशव्यापी समन्वित वेळापत्रक आखण्याचे आणि शुल्काची माहिती आधी जाहीर करण्याचे निर्देश दिले. केंद्रीय अर्थसंकल्पात २०२५ मध्ये पुढील पाच वर्षांत ७५,००० वैद्यकीय जागा वाढवण्याचे उद्दिष्ट घोषित झाले. जागांच्या वाढीबरोबरच वेळापत्रकाची निश्चिती झाली, तरच या काळातील ताण खऱ्या अर्थाने कमी होईल.

हा अनुभव केवळ वैद्यकीय प्रवेशापुरता मर्यादित नाही. संघ लोकसेवा आयोगही नागरी सेवा परीक्षेच्या अंतिम शिफारशींबरोबर एकत्रित राखीव यादी ठेवतो आणि त्या यादीतील उमेदवारांनाही अशाच मधल्या अवस्थेतून जावे लागते. स्पर्धा परीक्षांच्या मार्गावर चालणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा या उंबरठ्यावर थांबावे लागते. कोणती जागा केव्हा रिक्त होईल, हे विद्यार्थ्याच्या हाती नसते. नियम वाचणे, क्रमांकाचा पट्टा काढणे, प्रतीक्षेची अंतिम तारीख व खर्चाची मर्यादा ठरवणे, पर्याय सज्ज ठेवणे आणि अभ्यास चालू ठेवणे या पाच गोष्टी मात्र पूर्णपणे त्याच्या हाती असतात. त्या केलेल्या विद्यार्थ्याचे नाव यादीत आले तर तो सज्ज असतो. आणि आले नाही, तरी त्याचे वर्ष वाया जात नाही.